नोंदवहीतला बेसबॉल

सरासरी शिकवायची वेळ आली की आपण हमखास क्रिकेटकडे वळतो. अमुक फलंदाजानं पाच डावांत इतक्या धावा केल्या, तर त्याची सरासरी किती? मुलं भागाकार करतात, उत्तर बरोबर येतं आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे जातो. पण त्या उत्तरावर कितपत विसंबायचं, त्यात काय आलं आणि काय राहून गेलं, हे प्रश्न वर्गात क्वचितच निघतात. या लेखात तेच प्रश्न घ्यायचे आम्ही ठरवलं आहे. त्यासाठी मैदान मात्र थोडं दूरचं निवडलं आहे : अमेरिकेतल्या बेसबॉलचं. त्याला कारण आहे. या खेळाच्या नोंदी दीडशेहून अधिक वर्षं नेटानं ठेवल्या गेल्या आहेत, आणि नुसत्या त्या नोंदींवर चालणारा एक निराळा खेळही तिथल्या हौशी मंडळींनी शोधून काढला आहे.

खेळ थोडक्यात

बेसबॉल पाहिला नसेल तरी हरकत नाही. एक चौकोन डोळ्यांसमोर आणा. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट. चार कोपऱ्यांवर चार 'बेस'. फलंदाज एका कोपऱ्यावर उभा राहतो. चौकोनाच्या मध्याजवळून 'पिचर' त्याच्याकडे चेंडू फेकतो, टप्पा न पाडता. चेंडू मारून फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोचला, तर तो 'हिट'. चारही बेस फिरून परत आला की एक धाव. चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला, तर 'होमरन', म्हणजे आपला षटकारच. तीन फलंदाज बाद झाले की संघाचा डाव संपतो. असे नऊ डाव. म्हणजे एका सामन्यात संघाच्या हाती एकूण २७ बाद असतात. हा २७ चा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आणखी एक नियम. पिचरनं फलंदाजाच्या आवाक्याबाहेर चार चेंडू टाकले, तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. याला 'वॉक' म्हणतात. आपल्या 'वाइड'चा हा दूरचा भाऊ. फलंदाजानं मोह आवरून बॅट न फिरवण्याचं हे फळ असतं.

क्रिकेटच्या बातमीदाराचा हिशेब

बेसबॉलच्या नोंदींची रीत घालून दिली हेन्री चॅडविक या पत्रकारानं. तो जन्मानं इंग्रज. १८२४ साली एक्झिटरमध्ये जन्मला, लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि पुढे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. १८५६ च्या सुमारास बेसबॉलनं त्याला ओढून घेतलं. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असल्यामुळे त्यानं या नव्या खेळालाही तसाच तक्ता तयार केला. कोण किती वेळा खेळायला आला, किती हिट मारले, क्षेत्ररक्षणात काय केलं, हे सगळं एका चौकटीत. ज्यानं सामना पाहिला नाही, त्यालाही तक्ता वाचून सामना कळावा, अशी ती सोय होती.

फलंदाजाची सरासरीही याच काळात रुळली. हिटची संख्या भागिले खेळायला आल्याची संख्या. दहापैकी तीनदा हिट मारणारा फलंदाज, म्हणजे ०.३०० सरासरीचा, उत्तम समजला जातो. पण वॉकचं काय करायचं? चॅडविकचं मत असं की वॉक ही पिचरची चूक, त्यात फलंदाजाचं कर्तृत्व कसलं? म्हणून वॉक हिटमध्ये धरायचा नाही आणि खेळायला आल्याच्या संख्येतही धरायचा नाही. सरासरीच्या हिशेबापुरतं तो घडलाच नाही असं मानायचं. १८८७ या एका हंगामात वॉक हिट म्हणून मोजून पाहिले गेले. सरासऱ्या फुगल्या आणि पुढच्याच हंगामात नियम मागे घेतला गेला. एका माणसाचं मत अशा रीतीनं पुढे शतकभर 'आकडा' म्हणून वावरलं.

खेळ पोटाचा झाला

सुरुवातीला हा खेळ हौशी क्लबांचा होता. १८६९ साली सिनसिनाटी शहराच्या 'रेड स्टॉकिंग्ज' संघानं उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगारावर नेमलं. संघाचा प्रमुख हॅरी राइट हाही मूळचा क्रिकेट खेळणारा, जन्म इंग्लंडातल्या शेफील्डचा. त्याचा भाऊ जॉर्ज याला सगळ्यांत जास्त, म्हणजे हंगामाचे १,४०० डॉलर मिळत. गावोगाव हिंडून हा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही. १८७६ मध्ये 'नॅशनल लीग' स्थापन झाली, १९०१ पासून 'अमेरिकन लीग' तिच्या बरोबरीनं उभी राहिली. आजच्या व्यावसायिक बेसबॉलचे हेच दोन खांब.

पगार आला, पण मोकळीक आली नाही. १८७९ पासून मालकांनी करारात असं कलम आणलं की करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राहील. संघानं त्याला विकावं, बदलून द्यावं, पण त्यानं स्वतःहून दुसरीकडे जाऊ नये. कर्ट फ्लड या खेळाडूनं १९७० साली याविरुद्ध दावा लावला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण १९७५ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर लवादानं निकाल दिला आणि ते कलम निकालात निघालं. आता खेळाडूला आपली किंमत मागता येऊ लागली. साहजिकच प्रश्न आला : एका खेळाडूची किंमत ठरवायची कशी?

दोन फलंदाज

समजा, आपल्यापुढे दोन फलंदाज आहेत. दोघेही हंगामात ६०० वेळा खेळायला उतरले.

पहिल्याला २० वॉक मिळाले. उरलेल्या ५८० वेळांत त्यानं १७४ हिट मारले. सरासरी ०.३००.

दुसऱ्याला १०० वॉक मिळाले. उरलेल्या ५०० वेळांत त्यानं १३५ हिट मारले. सरासरी ०.२७०.

सरासरी पाहिली तर पहिला सरस. आता वेगळं मोजू. ६०० पैकी किती वेळा फलंदाज बेसवर पोचला? पहिला १७४ + २० = १९४ वेळा. दुसरा १३५ + १०० = २३५ वेळा. म्हणजे दुसरा हंगामात ४१ वेळा कमी बाद झाला. सामन्यात संघाकडे २७ बाद असतात हे आठवतं ना? ४१ बाद म्हणजे दीड सामन्याचं भांडवल त्यानं वाचवलं. (पहिल्याचे फटके अधिक लांबचे असतील तर हिशेब थोडा बदलेल. तो इथे बाजूला ठेवला आहे.)

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं असं नाही. ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी १९४७ साली ॲलन रॉथ नावाचा संख्याशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला आणि १९५४ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात लेख लिहून वॉक मोजायला हवेत असं मांडलं. पण सवय मोडली नाही. १९७७ साली कॅन्सस राज्यातल्या बिल जेम्स नावाच्या तरुणानं स्वतःच एक पुस्तिका छापून विकायला काढली. तो एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. पहारा देता देता तो जुन्या तक्त्यांतले आकडे पुन्हा मांडून पाहत असे. पहिल्या पुस्तिकेच्या जेमतेम पाऊणशे प्रती खपल्या. पण वाचणारे वाढत गेले, आणि अखेर बेसवर पोचण्याचं प्रमाण १९८४ पासून अधिकृत नोंदींत आलं.

याचा उपयोग सगळ्यांत गाजला तो २००२ साली. ओकलंडच्या संघाकडे पगाराला सुमारे ४ कोटी डॉलर होते, न्यूयॉर्क यँकीजकडे त्याच्या तिपटीहून अधिक. नामांकित खेळाडू परवडत नव्हते म्हणून ओकलंडनं सरासरीनं मागे पडलेले पण बेसवर पोचणारे खेळाडू स्वस्तात घेतले. अर्थात त्यांचे पिचरही चांगले होते. हंगामाअखेर दोन्ही संघांचे विजय सारखेच होते : १०३.

मनोराज्यातले मालक

आता त्या निराळ्या खेळाकडे येऊ. आपल्याला खरा संघ विकत घेता येत नाही, पण कागदावर घेतला तर? विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानं १९६० साली बॉस्टनमध्ये मित्रांबरोबर असा खेळ सुरू केला आणि त्याला 'बेसबॉल सेमिनार' असं भारदस्त नाव दिलं. पुढे तो मिशिगन विद्यापीठात गेला. तिथल्या एका प्राध्यापकाकडून ही कल्पना डॅनिएल ओक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानावर आली. १९८० च्या वसंतात ओक्रेंटनं मित्र जमवून न्यूयॉर्कमध्ये आपली लीग सुरू केली. ही मंडळी 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' नावाच्या उपाहारगृहात जेवायला जमत, म्हणून हा खेळ 'रोटिसरी बेसबॉल' झाला. पुढे याच कुळातल्या खेळांना 'फँटसी', म्हणजे मनोराज्यातला, असं नाव पडलं. १९८१ च्या उन्हाळ्यात खऱ्या खेळाडूंचा संप झाला, तेव्हा लिहायला सामने नसलेल्या पत्रकारांनी या खेळावर लिहिलं आणि तो देशभर पसरला. गंमत म्हणजे ओक्रेंटला स्वतःची लीग एकदाही जिंकता आली नाही.

नियम असे. पुढे रूढ झालेल्या रीतीप्रमाणे प्रत्येक 'मालका'कडे लिलावासाठी २६० डॉलर असतात आणि त्यांत २३ खरे खेळाडू घ्यायचे असतात. मग हंगामभर ते खेळाडू खऱ्या मैदानात जे करतील, ते मालकाच्या खात्यात जमा होतं. मूळ खेळात आठ गोष्टी मोजत. फलंदाजीत सरासरी, होमरन, धावा मिळवून देणं आणि बेस चोरणं, तर पिचरच्या बाबतीत विजय, राखलेले सामने, दिलेल्या धावा आणि दर डावामागे दिलेले हिट व वॉक यांची बेरीज. हे शेवटचं माप ओक्रेंटनंच या खेळासाठी तयार केलं आणि पुढे ते खऱ्या बेसबॉलमध्येही रुळलं.

यातली विसंगती लक्षात आली का? पिचरच्या खात्यात वॉक मोजला जातो, फलंदाजाच्या खात्यात नाही. त्यामुळे आपला दुसरा फलंदाज खऱ्या संघाला मोलाचा, पण या खेळातल्या मालकाला पहिल्याहून कमी दामाचा. माणूस तोच, खेळ तोच. माप बदललं की किंमत बदलते.

चतुर मालक काय करतो?

पहिली गोष्ट, तो नुसते आकडे पाहत नाही, फरक पाहतो. समजा, विकत घ्याव्या लागणाऱ्या कॅचरांपैकी शेवटच्याचे होमरन ५ आहेत, आणि बाहेरच्या क्षेत्ररक्षकांपैकी शेवटच्याचे १५. मग २० होमरनवाला कॅचर आपल्याला १५ जास्त देतो, तर २५ होमरनवाला क्षेत्ररक्षक फक्त १०. तेव्हा २० वाला २५ वाल्यापेक्षा महाग घ्यावा. एखाद्या गोष्टीचं मोल ती नसेल तर हाती काय उरतं यावरून ठरतं, हा अर्थशास्त्राचा धडा इथे खेळता खेळता मिळतो.

दुसरी गोष्ट, तो मागच्या वर्षीच्या विक्रमवीरावर पैसे उधळत नाही, आणि एक आठवडा वाईट गेला म्हणून कोणाला काढतही नाही. का, ते वर्गात करून पाहू.

फाशांचा प्रयोग

प्रत्येक मुलाला दोन फासे द्या. दोन्ही फाशांची बेरीज ५ किंवा कमी आली तर हिट, नाहीतर बाद. ३६ शक्यतांपैकी १० हिटच्या आहेत, म्हणजे प्रत्येकाची खरी ताकद १० ÷ ३६ = ०.२७८. प्रत्येकानं २० वेळा फासे टाकायचे, म्हणजे साधारण खऱ्या फलंदाजाचा एक आठवडा.

सरासरीनं प्रत्येकाला पाच-सहा हिट मिळायला हवेत. पण ४० मुलांच्या वर्गात दोन-तीन मुलांना ९ किंवा जास्त हिट मिळालेले दिसतील, आणि दोन-तीन मुलांना २ किंवा त्याहून कमी. नऊवाल्यांची सरासरी ०.४५०. त्यांना पुढे बोलावून टाळ्या वाजवा, 'काय तंत्र वापरलंस?' असं विचारा. तंत्र सांगणारं एखादं मूल निघतंच. मग पहिले पाच आणि शेवटचे पाच यांना पुन्हा २० वेळा फासे टाकायला सांगा. पुष्कळदा वरचे पाच खाली येतील, खालचे पाच वर जातील, आणि दोन्ही गट पाच-सहाच्या आसपास भेटतील. फ्रान्सिस गाल्टननं १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना मध्याकडे परतण्याचा हा गुण दाखवून दिला होता.

फेका वाढवल्या की दैवाचा वाटा घटतो, पण आपल्याला वाटतो तितक्या वेगानं नाही. ०.२७० ताकदीचा फलंदाज ५०० वेळा खेळला, तर साधारण दर तीनपैकी दोन हंगामांत त्याचे हिट १२५ ते १४५ च्या दरम्यान असतील. म्हणजे ताकद तीच राहूनही एका वर्षी ०.२५० आणि दुसऱ्या वर्षी ०.२९० सहज दिसेल. लोक म्हणतील, फॉर्म आला. २००२ चा ओकलंड संघ १६२ सामन्यांत १०३ जिंकला, पण नंतरच्या पाच सामन्यांच्या मालिकेत मिनेसोटाकडून ३-२ असा हरला. पाच सामन्यांत नशिबाला वाव फार.

आपल्याकडेही क्रिकेटवर असे खेळ मोबाइलवर आले आणि पैसे लावून खेळले गेले. अशा पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेनं केला. 'एका सामन्यात अंदाज बरोबर आला' याला कौशल्य म्हणायचं की फासे, हा प्रश्न वरच्या प्रयोगानंतर मुलं स्वतःच विचारतील.

प्रश्न फक्त त्यांनाच नाही, आपल्यालाही आहे. एका चाचणीत फार कमी गुण मिळालेल्या मुलाला आपण रागावतो, पुढच्या चाचणीत त्याचे गुण वाढतात. फार चांगले गुण मिळालेल्याचं कौतुक करतो, पुढच्या वेळी त्याचे गुण घटतात. मग आपली समजूत होते की रागावल्यानं मूल सुधारतं आणि कौतुकानं बिघडतं. ती समजूत आयुष्यभर टिकते, आणि तिची किंमत मुलं मोजतात. आपण काहीच बोललो नसतो, तरी यातली बरीच मुलं मध्याकडे परतलीच असती.

वहीत जागाच नव्हती

दैवाचा दोष फेका वाढवून कमी होतो. दुसरा दोष तसा जात नाही. जे मोजलंच नाही, ते कितीही वर्षं मोजलं तरी दिसत नाही. वॉकची गोष्ट आपण पाहिली. पण बेसबॉलच्या वहीतून माणसंही गळली होती.

१८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू वरच्या लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर मालकांनी कुठेही न लिहिलेल्या संगनमतानं कृष्णवर्णीयांना दार बंद केलं. त्यांनी आपले संघ काढले, १९२० मध्ये 'नीग्रो नॅशनल लीग' उभी केली. सामने होत, गर्दी होई, पण अधिकृत वहीत यातलं काहीच नव्हतं. दार उघडलं १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला तेव्हा. त्याला घेणारे होते तेच ब्रँच रिकी. जॉश गिब्सन हा त्या लीगमधला थोर फलंदाज आणि कॅचर त्याआधी तीनच महिने, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला होता.

अभ्यासकांनी पुढे वर्षानुवर्षं जुनी वर्तमानपत्रं, विशेषतः कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं चाळून सामन्यांचे तक्ते गोळा केले. २०२० च्या डिसेंबरमध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या या लीगना वरच्या दर्जाची मान्यता मिळाली, आणि २०२४ च्या मे महिन्यात २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत वहीत आले. कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत तोवर टाय कॉब पहिला होता, ०.३६७. आता पहिलं नाव गिब्सनचं आहे, ०.३७२. त्याचा एकही फटका या दरम्यान बदलला नव्हता. बदलली ती वही.

काही जण म्हणतात, त्या लीगचे हंगाम लहान होते, नोंदी अपुऱ्या आहेत. फाशांचा प्रयोग केलेल्या मुलांना ही शंका रास्त वाटेल. पण हंगाम लहान का होते आणि नोंदी अपुऱ्या का राहिल्या, हेही त्यांना आता विचारता येईल.

आपल्या टेबलावरही एक वही असते. त्यातल्या आकड्याला तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. हा किती फेकांवरून आला? यात कोणता 'वॉक' मोजायचा राहिला? आणि कोणाला या वहीत जागाच नाही? हे तीन प्रश्न मुलांना आधी फाशांवर विचारू द्या. मग एखाद्या दिवशी ती आपल्या प्रगतिपुस्तकाबद्दलही विचारतील. तेव्हा आपल्याकडे उत्तर असायला हवं.